नाकारलेली शिफारस आणि न सांगितलेले कारण : 'ऑथेल्लो'तील बढतीचा प्रश्न

१

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' या शोकात्मिकेचा आरंभ एका नोकरीविषयक तक्रारीने होतो, ही गोष्ट तिच्या समीक्षेने दीर्घकाळ गौण मानली. व्हेनिसच्या एका रस्त्यावर रात्रीच्या वेळी इयागो हा सैन्यातील निशाणदार रॉडेरिगो या धनिक तरुणाला आपली हकीगत सांगतो. शहरातील तीन बड्या असामी स्वतः सेनापती ऑथेल्लोकडे गेल्या आणि इयागोला लेफ्टनंट नेमावे अशी त्यांनी रदबदली केली. ऑथेल्लोने लष्करी परिभाषेने फुगवलेल्या लांबलचक बोलण्यात ती टाळली आणि आपण आपला अधिकारी आधीच निवडला आहे, एवढेच अखेरीस सांगितले. हा निवडलेला अधिकारी म्हणजे मायकेल कॅसिओ. तो फ्लॉरेन्सचा, म्हणजे परका. इयागोच्या मते हिशेबनीस. रणांगणावर त्याने कधी तुकडी उभी केलेली नाही. उलट इयागोने ऱ्होड्स, सायप्रस आणि इतर ख्रिस्ती व अख्रिस्ती मुलखांत जी चाकरी केली, ती ऑथेल्लोने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे.

या तक्रारीकडे पाहण्याचे दोन मार्ग समीक्षेने प्रामुख्याने अनुसरले. १६९३ साली टॉमस रायमरने इयागो सैनिक वाटतच नाही असा आक्षेप घेतला. सैनिक मोकळ्या मनाचा आणि सरळ असतो, या रूढ कल्पनेत ही व्यक्तिरेखा बसत नव्हती. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी कोलरिजने इयागोच्या दुष्टाव्याला मुळात हेतूच नाही आणि तो सांगतो ती कारणे मागाहून शोधलेली आहेत, असे सुचवले. ए. सी. ब्रॅडलीने १९०४ साली इयागोच्या दुखावलेल्या श्रेष्ठत्वभावनेवर भर दिला. म्हणजे बढतीच्या प्रसंगाला त्याने स्थान दिले, पण ते एका मनोवृत्तीला डिवचणारे निमित्त म्हणून. बर्नार्ड स्पिव्हॅकने १९५८ साली इयागोला मध्ययुगीन नीतिनाट्यातील 'दुर्गुण' या रूपकात्मक पात्राचा वारस ठरवले. तेव्हा तर हेतूंची चर्चाच अनावश्यक झाली. या सर्व वाचनांत एक समान गृहीतक आहे. नाकारलेली बढती हे इतक्या मोठ्या अनर्थाचे पुरेसे कारण होऊ शकत नाही, म्हणून ते खरे कारण नव्हे, असे ते गृहीतक होय.

परंतु संहितेच्या घडणीचा इतिहास या गृहीतकाच्या विरोधात जातो. नाटकाचा मूळ कथास्रोत म्हणजे जिराल्दी चिंथिओच्या १५६५ सालच्या कथासंग्रहातील एक कथा. तीत निशाणदार आहे, त्याचे कारस्थान आहे, पहाऱ्यावरील सैनिकाला जखमी केल्यामुळे पदावरून दूर झालेला अधिकारी आहे आणि त्याच्यासाठी रदबदली करणारी सेनापतीची पत्नीही आहे. नाकारलेली बढती मात्र नाही. चिंथिओचा निशाणदार सेनापतीच्या पत्नीवर आसक्त होतो, ती प्रतिसाद देत नाही म्हणून सूड घेतो. हा हेतू नाटकाला पुरेसा होता आणि तो आयता उपलब्ध होता. शेक्सपिअरने तो जवळजवळ पुसून टाकला आणि त्याच्या जागी लष्करातील नेमणुकीचा प्रश्न आणून तो पहिल्याच प्रवेशात ठेवला. कथास्रोतात एकच शिफारस होती; नाटकात दोन झाल्या. एक नाकारली जाते, दुसरी विनाशाचे साधन ठरते. नाटककाराने जाणीवपूर्वक घडवलेली ही जोडी लक्षात घेतली की प्रश्नाचे स्वरूप बदलते. बढती नाकारल्याने एवढा अनर्थ घडेल काय, हा प्रश्न मागे पडतो. ती कशी नाकारली गेली, हा प्रश्न पुढे येतो.

या प्रश्नाचे उत्तर संहितेत आहे. ती कारण न सांगता नाकारली गेली. नकाराच्या जागी राहिलेली ही पोकळी, ती भरून काढण्यासाठी इयागोने रचलेली कारणे, आणि ऑथेल्लोला त्याने पुरवलेली कारणे यांच्यातील संबंध हाच या नाटकाच्या रचनेचा कणा आहे.

२

इयागोच्या तक्रारीतील युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्याचे म्हणणे असे की बढती आता पत्रांवर आणि मर्जीवर मिळते. पूर्वीचा ज्येष्ठताक्रम, ज्यात दुसरा पहिल्याचा स्वाभाविक वारस असे, तो उरलेला नाही. हे म्हणणे एका व्यापक स्थित्यंतराचे निदर्शक आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोफा, तटबंदी आणि मोठ्या पायदळाची रचना यांमुळे युद्ध हा गणिताचा विषय होऊ लागला होता. लेनर्ड आणि टॉमस डिग्ज या पितापुत्रांचा 'स्ट्रॅटिऑटिकॉस' हा ग्रंथ १५७९ साली प्रसिद्ध झाला; अंकगणित आणि सैन्यरचना यांची त्यात सांगड घातलेली होती. इयागो कॅसिओला जो हिशेबनीस म्हणून हिणवतो, त्या शब्दामागे अनुभवी सैनिक आणि पुस्तकी सैनिक यांच्यातील तत्कालीन वाद आहे. १ नोव्हेंबर १६०४ रोजी राजदरबारात हा प्रयोग पाहणाऱ्यांना तो अपरिचित नसावा.

मात्र याच युक्तिवादात एक विसंगती आहे. वशिल्याच्या प्रथेविरुद्ध बोलणारा इयागो स्वतः वशिला घेऊनच गेला होता. तीन बड्या असामींनी रदबदली केली हे तो अभिमानाने सांगतो आणि काही ओळींनंतर पत्रांवर व मर्जीवर चालणाऱ्या व्यवस्थेचा धिक्कार करतो. वशिला वाईट की माझा वशिला चालला नाही हे वाईट, याचा उलगडा तो होऊ देत नाही. ज्येष्ठताक्रम हे त्याचे तत्त्व नकारानंतर सापडलेले आहे. शिफारस यशस्वी झाली असती तर हे तत्त्व त्याला आठवले असते असे मानण्यास संहितेत आधार नाही.

या विसंगतीवरून त्याची तक्रार खोटी ठरवण्याचा मोह होतो. पण तसे करणे घाईचे होईल. नकाराबरोबर कारण आले असते तर इयागोला त्या कारणाशी वाद घालता आला असता. कॅसिओला गणित येते म्हणून, किंवा तू निशाणदार म्हणून अधिक उपयोगी आहेस म्हणून, असे काहीही ऑथेल्लो म्हणू शकला असता. तो निवड आधीच झाली आहे एवढेच म्हणतो. निर्णय मागणीच्या आधीचा आहे. त्यामुळे मागणीतील गुणावगुणांचा त्याच्याशी संबंधच उरत नाही. शिफारस तपासून अमान्य झाली असती तर गोष्ट निराळी होती. येथे ती अप्रस्तुत ठरवली गेली. तक्रार करणारा मग कारणे स्वतः रचू लागतो: पुस्तकी ज्ञान, परकेपणा, मर्जी, काळ बदलला. पुढे पहिल्याच स्वगतात आपल्या पत्नीशी ऑथेल्लोचा संबंध असल्याच्या अफवेची त्यात भर पडते, आणि ती खरी की खोटी हे आपल्याला ठाऊक नाही, तरी ती खरी मानूनच आपण चालू, असे तो सांगतो. कोलरिजला जी हेतूंची शोधाशोध वाटली ती या दृष्टीने वेगळी दिसते. जे कारण वरून यायला हवे होते ते न आल्यामुळे कारणांची ही पैदास होते.

ही हकीगत एकट्या इयागोच्या तोंडून येते आणि ज्याच्याकडून तो पैसे उकळतो त्या रॉडेरिगोला आपला द्वेष पटवून देण्यासाठी येते, हेही विसरता येत नाही. ऑथेल्लोची बाजू प्रेक्षकाला कधीच ऐकायला मिळत नाही. तरीही काही गोष्टी तिला दुजोरा देतात. कॅसिओची नेमणूक वास्तव आहे. चौथ्या अंकात एमिलिया, इयागोची पत्नी, डेस्डिमोनावरील कुभांड कोणीतरी हुद्दा मिळवण्यासाठीच रचले असावे असा तर्क करते. आपल्या नवऱ्यावर संशय नसताना तिला नेमके हेच कारण सुचावे, हे त्या घरातील बोलण्याचा विषय काय असे याचे सूचन आहे. हकीगत सांगून झाल्यावर रॉडेरिगो हळहळतो, तेव्हा इयागो म्हणतो की याला इलाज नाही, चाकरीचा हा शापच आहे. लगेच तो रॉडेरिगोलाच न्यायाधीश होण्याची विनंती करतो: मूरवर प्रेम करण्यास आपण कोणत्या न्याय्य नात्याने बांधील आहोत, हे त्यानेच ठरवावे. ज्याला सैन्यातील काही कळत नाही अशा उधळ्या प्रेमवीरापुढे अपील करावे लागते. कारण अपील करण्याजोगी दुसरी जागाच नाही.

३

'लेफ्टनंट' या शब्दाचा मूळ अर्थ दुसऱ्याची जागा धरणारा असा आहे. मराठीत हा शब्द हुद्द्याचे नाव म्हणून रुळल्याने त्यातील हा अर्थ लोपला. मराठी प्रशासनाच्या जुन्या परिभाषेतील नायब किंवा मुतालिक हे शब्द त्याला अधिक जवळचे आहेत. मुतालिक मूळ अधिकाऱ्याच्या वतीने कारभार पाहतो. त्याचे काम विश्वासाचे असते आणि त्याची सत्ता उसनी असते. निशाणदाराचे काम वेगळे. तो ध्वज धरतो, म्हणजे चिन्ह वाहतो. इयागो स्वतःच्या पदावर याच अर्थाने भाष्य करतो, तेव्हा ऑथेल्लोवरील आपले प्रेम हे केवळ निशाण आहे, केवळ खूण आहे, असे सांगतो. जागा धरणे आणि खूण धरणे यांतील अंतर हेच त्याला नाकारलेल्या बढतीचे अंतर आहे.

मायकेल नील याने १९८४ सालच्या आपल्या निबंधात या नाटकातील 'जागे'च्या कल्पनेचा शोध घेतला आहे. हुद्द्यातील जागा, शय्येवरील जागा आणि समाजातील जागा या तिन्ही इयागोच्या कल्पनेत एकमेकींत मिसळतात. ऑथेल्लोने आपल्या आसनावर झेप घेतली असावी हा त्याचा संशय आणि कॅसिओची जागा मिळवण्याची त्याची इच्छा एकाच शब्दसंचयातून व्यक्त होतात. या विवेचनाला एका गोष्टीची जोड देणे आवश्यक आहे. जागेचा हा हव्यास तीव्र होतो तो जागेची उतरंड रोजच्या बोलण्यात सतत ऐकावी लागते म्हणून. सायप्रसवरील मद्यपानाच्या प्रवेशात नशेतला कॅसिओ मुक्तीविषयी बोलू लागतो आणि आपला उद्धार निशाणदाराच्या आधी व्हायला हवा, कारण लेफ्टनंट वरचा, असे म्हणतो. प्रेक्षक हसतात, पण इयागोच्या दृष्टीने येथे हुद्द्याचा क्रम परलोकापर्यंत पोहोचलेला असतो. विल्यम एम्पसनने १९५१ साली 'प्रामाणिक' या विशेषणाचा जो अभ्यास केला, त्यातून हेच दिसते. सर्वजण इयागोला प्रामाणिक म्हणतात, पण या शब्दात खालच्या माणसाला दिलेल्या शाबासकीचा सूर आहे. ज्याला बढती द्यायची नसते त्याची स्तुती करणे सोपे असते.

याच संदर्भात नाटकातील एका अभावाकडे लक्ष वेधले पाहिजे. सायप्रसवर युद्ध होत नाही. तुर्की आरमार वादळात नष्ट होते आणि दुसऱ्या अंकाच्या आरंभीच सैन्य निरुद्योगी बनते. अनुभवी सैनिक श्रेष्ठ की पुस्तकी सैनिक, हा पहिल्या प्रवेशातील वाद रणांगणावरच सुटू शकला असता. युद्धच रद्द झाल्याने तो कधीच सुटत नाही. कॅसिओची परीक्षा होते ती मद्याच्या पेल्यापुढे, आणि ती परीक्षाही इयागोनेच मांडलेली असते. शांततेच्या काळातील ठाण्यावर पराक्रमाचा निकष नसतो. उरते ती हुद्द्यांची मोजदाद. नाटकाचे उरलेले चारही अंक या बंदिस्त ठाण्यात घडतात.

४

दुसरी शिफारस डेस्डिमोनाची. कॅसिओ पदच्युत झाल्यावर इयागो त्याला तिच्याकडे जायला सांगतो. या दोन शिफारशींची तुलना केली तर नाटकाची योजना उघड होते. पहिल्या शिफारशीमागे नगरातील तीन प्रतिष्ठित होते, दुसरीमागे सेनापतीची पत्नी. पहिलीला एका वाक्यात उत्तर मिळाले, दुसरीवर प्रत्यक्ष रंगभूमीवर दीर्घ संवाद होतो. पहिली निरर्थक होती कारण निर्णय आधीच झाला होता. दुसरीही निरर्थकच आहे, पण उलट अर्थाने. तिसऱ्या अंकाच्या आरंभी एमिलिया कॅसिओला सांगते की सेनापती आणि त्यांची पत्नी याविषयीच बोलत आहेत. जखमी झालेला मोंटॅनो सायप्रसमध्ये वजनदार असल्याने त्याला लगेच परत घेता येत नाही. पण त्याचा कॅसिओवर लोभ आहे आणि योग्य वेळ येताच त्याला परत घेण्यासाठी या लोभाखेरीज दुसऱ्या कोणाच्या रदबदलीची गरज नाही. म्हणजे ज्या शिफारशीमुळे डेस्डिमोनाचा जीव जातो ती मुळात अनावश्यक होती. येथे पहिल्यांदा ऑथेल्लो नकाराचे कारण देतो, आणि तेही कॅसिओच्या बाबतीत. इयागोच्या वाट्याला न आलेला खुलासा कॅसिओला घरपोच मिळतो.

याच शिफारशीच्या ओघात तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात डेस्डिमोना सहज एक गोष्ट बोलून जाते. ऑथेल्लो तिचे मन वळवत होता तेव्हा कॅसिओ त्याच्याबरोबर येत असे, आणि ती ऑथेल्लोविषयी काही उणे बोलली की कॅसिओ त्याची बाजू घेत असे. पहिल्या अंकात विवाहाची वार्ता ऐकून कॅसिओने अज्ञानाचा आविर्भाव आणला होता. या ओळींच्या प्रकाशात ते मित्राचे गुपित राखणे ठरते. ती निघून जाताच इयागोचा पहिला प्रश्न याच माहितीसंबंधी आहे: हे प्रेमप्रकरण कॅसिओला ठाऊक होते काय? ऑथेल्लो होकार देतो, अगदी आरंभापासून. इयागो म्हणतो की तो तिला ओळखत होता असे आपल्याला वाटले नव्हते. या प्रश्नाकडे समीक्षेने कारस्थानाची पहिली चाल म्हणूनच पाहिले, आणि ती तशी आहेच. परंतु त्याचा आणखी एक अर्थ संभवतो. निवड आधीच का झाली होती, याचे जे स्पष्टीकरण नाटकात कोठेही दिलेले नाही त्याच्या सर्वांत जवळ जाणारी माहिती येथे उघड होते. कॅसिओ हा विश्वासातला माणूस होता. मर्जीने बढती मिळते हा इयागोचा पहिल्या प्रवेशातील आरोप, जो तोवर निव्वळ मत्सर वाटत होता, त्याला येथे काही आधार सापडतो. ज्या क्षणी नकाराचे संभाव्य कारण उमगते त्याच क्षणी तो त्या कारणाचे विष करतो. कॅसिओ आणि डेस्डिमोना यांच्यातील ज्या परिचयामुळे आपली जागा गेली, तोच परिचय तो व्यभिचाराचा पुरावा म्हणून ऑथेल्लोपुढे मांडतो.

५

इयागोला पद मिळाल्यावरही तो थांबत नाही. यावरून पद हा त्याचा हेतू नव्हता असे अनुमान काढले जाते. तिसऱ्या अंकाच्या अखेरीस, दोघेही गुडघे टेकून शपथ घेत असताना, ऑथेल्लो त्याला आपला लेफ्टनंट म्हणून घोषित करतो. इयागो कायमचा त्याचा झाल्याचे सांगतो. त्यानंतरही अनर्थ चालूच राहतो. वरील अनुमान मात्र ही बढती कोणत्या प्रकारची आहे याचा विचार करत नाही.

ती सेवेबद्दल दिलेली नाही. तीन दिवसांत कॅसिओच्या मृत्यूची बातमी द्यावी, या कामगिरीच्या मोबदल्यात ती दिलेली आहे. ती कोणत्याही साक्षीदारापुढे दिलेली नाही. व्हेनिसचे शासन तिला ओळखत नाही; उलट चौथ्या अंकात लोडोव्हिको जे पत्र आणतो त्यात ऑथेल्लोला परत बोलावून त्याच्या जागी कॅसिओला नेमलेले असते. ज्याला आपण पदावरून काढले तो आणखी वर चढल्याचे वाचताना ऑथेल्लोचा तोल जातो आणि तो सर्वांदेखत पत्नीवर हात उगारतो. पाचव्या अंकाच्या आरंभी, अंधारात जखमी कॅसिओजवळ इयागो दिवा घेऊन येतो, तेव्हा ग्रॅशिआनो त्याला ऑथेल्लोचा निशाणदार म्हणूनच ओळखतो आणि लोडोव्हिको त्याच्या शौर्याची वाखाणणी करतो. इयागो स्वतःही कॅसिओला लेफ्टनंट म्हणूनच हाक मारतो. म्हणजे जगाच्या दृष्टीने बढती झालेलीच नाही, आणि इयागोच्या जिभेलाही ती झाल्यासारखी वाटत नाही. जे सेवेच्या आधारे उघडपणे मागितले होते ते गुप्तपणे, मर्जीवर, मिळाले. ज्या प्रथेचा त्याने धिक्कार केला तिचा तोच लाभार्थी झाला. अशा बढतीने पहिल्या नकाराची भरपाई होत नाही.

नाकारले जाण्याला सैनिकाने वेगळे उत्तर देण्याची शक्यताही शेक्सपिअरच्या नाट्यसृष्टीत आहे. 'अँटनी अँड क्लिओपात्रा'च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी व्हेंटिडियस पार्थियनांवर विजय मिळवूनही त्यांचा पाठलाग करण्याचे टाळतो. खालच्या अधिकाऱ्याने वरिष्ठापेक्षा अधिक कीर्ती मिळवणे धोक्याचे असते, हे तो सोसिअस या सहकाऱ्याच्या उदाहरणाने सांगतो. झपाट्याने नाव कमावल्यामुळे सोसिअसवरील अँटनीची मर्जी गेली होती. व्हेंटिडियस व्यवस्था ओळखून आपला पराक्रम मोजून मापून खर्च करतो. इयागोप्रमाणे तो व्यवस्थेचा सूड घेत नाही, पण तिच्यात सुधारणाही मागत नाही. दोघांच्या वर्तनामागे एकच जाणीव आहे: वर जे ठरते ते कामगिरीवर ठरत नाही. एकाची परिणती दक्षतेत झाली, दुसऱ्याची विध्वंसात.

६

कारण आणि सुनावणी यांचा हा प्रश्न नाटकाच्या एकूण आकृतिबंधात कसा पसरला आहे, हे आता पाहता येईल. 'ऑथेल्लो'त सुनावणीचे तीन प्रसंग आहेत. पहिला व्हेनिसच्या सिनेटपुढील. ब्रॅबान्शिओ तक्रार करतो, ऑथेल्लो आपली बाजू मांडतो, डेस्डिमोनाला साक्षीसाठी बोलावले जाते आणि मग निर्णय होतो. तिला आणण्याचे काम निशाणदार इयागोकडे सोपवले जाते. दुसऱ्याला मिळणाऱ्या रीतसर सुनावणीची व्यवस्था करणे त्याच्या वाट्याला येते. दुसरा प्रसंग सायप्रसवरील रात्रीचा दंगा. ऑथेल्लो चौकशी करतो, साक्ष घेतो आणि कॅसिओला पदावरून दूर करतो. ही सुनावणी घाईची आहे आणि साक्षीदार अप्रामाणिक आहे, तरी कारण उघड सांगितलेले आहे. तिसरा प्रसंग शयनगृहातील. तेथे फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा एकच आहे. डेस्डिमोना कॅसिओला बोलावून विचारा असे विनवते. उत्तर मिळते की त्याने कबुली दिलेली आहे. निर्णय आधीच झालेला आहे.

या वाक्यात पहिल्या प्रवेशातील उत्तराचा प्रतिध्वनी आहे. निवड आधीच झाली आहे, असे ज्याने इयागोला सांगितले होते त्याच माणसाला इयागोने असा न्यायाधीश बनवले की शिक्षा आधीच झाली आहे, असे त्याने आपल्या निरपराध पत्नीला सांगावे. ऑथेल्लोने जे एकदा केले, किंवा केले असे इयागोला वाटले, ते त्याच्याकडून त्याच्या सर्वांत प्रिय व्यक्तीच्या बाबतीत करवून घेणे हा सूडाचा खरा आकार आहे. त्यासाठी इयागोने वापरलेले साधनही तेच, कारण. त्याला स्वतःला जे मिळाले नाही ते तो ऑथेल्लोला हवे तितके पुरवतो: रुमाल, स्वप्न, हावभाव, अर्धवट वाक्ये. हत्येपूर्वी ऑथेल्लो कारणाचाच पुन्हा पुन्हा उच्चार करतो आणि ते कारण उघड करणे मात्र टाळतो.

अखेरच्या प्रवेशात वर्तुळ पुरे होते. आपल्याला असे का फसवले, हे विचारण्याची पाळी ऑथेल्लोवर येते. इयागो उत्तर नाकारतो. जे ठाऊक आहे ते आहे, यापुढे आपण एक शब्दही बोलणार नाही, असे तो सांगतो आणि बोलत नाही. नाटकभर अखंड बोलणारा माणूस नेमका कारण विचारले जाताच गप्प होतो. या मौनाला गूढ, सैतानी अथवा अगम्य म्हटले गेले आहे. पहिल्या प्रवेशाच्या संदर्भात मात्र त्याचा आकार परिचित वाटतो. ज्याला कारण नाकारले गेले होते तो आता कारण नाकारतो, आणि हे एकच अधिकारपद त्याला अखेर खरेखुरे मिळालेले असते.

त्याची शिक्षा ठरवण्याचा अधिकार लोडोव्हिको नव्या राज्यपालाकडे, म्हणजे कॅसिओकडे सोपवतो. ऑथेल्लो मरण्यापूर्वी शासनाला पाठवल्या जाणाऱ्या पत्रांत आपली नोंद यथातथ्य व्हावी, काही कमी करू नये आणि द्वेषाने काही वाढवू नये, अशी विनंती करतो आणि आपल्या सेवेची आठवण देतो. आजच्या कचेरीच्या भाषेत ही गोपनीय अहवालाविषयीची विनंती आहे. पत्रांवर बढती मिळते या तक्रारीने सुरू झालेले नाटक पत्रात काय लिहिले जावे या याचनेने संपते. सेनापतीलाही शेवटी आपल्या चाकरीचा न्याय्य दाखला हवाच असतो.

७

या वाचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. इयागोच्या तक्रारीला इतके महत्त्व दिल्याने त्याच्या अपराधाचे समर्थन होत नाही काय? तक्रार सांगून होताच तो ब्रॅबान्शिओच्या खिडकीखाली उभा राहून ऑथेल्लोच्या वर्णाविषयी जी पशुवाचक भाषा वापरतो, ती बढती नाकारल्याने जन्मलेली नाही. ती व्हेनिसच्या समाजात उपलब्ध होतीच. कारण आणि समर्थन यांत म्हणूनच भेद करावा लागतो. नाकारलेल्या बढतीने द्वेष निर्माण केला असे संहिता म्हणत नाही. तिने द्वेषाला न्यायाची भाषा मिळवून दिली. परक्या वर्णाचा माणूस वरिष्ठ असणे आणि परक्या शहराचा माणूस मध्ये येणे, या दोन्ही गोष्टींची चीड ज्येष्ठताक्रमाच्या तत्त्वाआड उभी राहू शकली. म्हणूनच ती ऐकणाऱ्याला काही काळ पटते, आणि नाटकाचा पहिला सापळा प्रेक्षकासाठीच लावलेला असतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या भेदाला आणखी एक परिमाण आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ सालचे आणि देवलांचे 'झुंझारराव' हे रूपांतर १८९० सालचे. या काळात हिंदी शिपायाला मिळू शकणारे सर्वोच्च पद पायदळात सुभेदार-मेजरचे होते. त्यावरचा प्रत्येक हुद्दा न मागताच नाकारलेला होता. बंगाल सैन्यातील हिंदी अधिकाऱ्यांची बढती मुख्यतः सेवाज्येष्ठतेने होत असे आणि त्यामुळे वृद्ध, अकार्यक्षम सुभेदार साचले, अशी टीका १८५७ नंतर झाली. जुना ज्येष्ठताक्रम म्हणजे आपोआप न्याय नव्हे, हे इयागोच्या युक्तिवादातील वैगुण्य त्यातून ध्यानात येते. पुढे १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने सरकारला उद्देशून विनंतीपत्र तयार केले. हा नकार इयागोच्या वाट्याला आलेल्या नकाराहून कितीतरी मोठा, एका संपूर्ण समाजावर लादलेला होता. तरी त्याला दिलेले उत्तर लेखी, सार्वजनिक आणि युक्तिवादाचे होते. सत्तेकडे कारण मागणे आणि ते लेखी मागणे, या कृतीत तक्रार खाजगी द्वेषात कुजत नाही. व्हेनिसच्या सैन्यात अर्जाला जागा नव्हती आणि इयागोने ती मागितलीही नाही. त्याने मागितले ते तीन बड्यांचे वजन, आणि ते कमी पडल्यावर रॉडेरिगोची थैली.

शोकात्मिकेचे उत्तरदायित्व त्यामुळे विभागले जाते, समान मात्र होत नाही. अपराध इयागोचाच आहे. पण ज्याने सिनेटपुढे आपली बाजू सविस्तर मांडून न्याय मिळवला, त्या ऑथेल्लोने आपल्या निशाणदाराला एका वाक्याहून अधिक काही देण्याची गरज मानली नाही, हेही संहितेत नोंदलेले आहे. हेतूहीन दुष्टाव्याचा सिद्धान्त या नोंदीकडे पाठ फिरवतो, कारण दुष्टाव्याला हेतूच नसेल तर व्यवस्थेला जाब विचारण्याचे कारण उरत नाही. 'ऑथेल्लो'चा पहिला प्रवेश हा जाब विचारतो, आणि तो अत्यंत अविश्वसनीय माणसाच्या तोंडून विचारतो. प्रश्न विचारणारा खोटारडा आहे म्हणून प्रश्नही खोटा ठरवावयाचा की नाही, हा निर्णय नाटकाने वाचकावर सोपवला आहे.